कॉलेज बदलताय की विद्यापीठ? टीसी मागण्याआधी एवढं बघून घ्या

जून उजाडला की आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजच्या कार्यालयात खिडकीवर एकच मागणी सुरू होते : "सर, टीसी पाहिजे." कशाला विचारलं, की "कॉलेज बदलायचंय." मग मी विचारतो, "कुठलं घेताय?" खरं काम या उत्तरावर ठरतं. एकाच विद्यापीठातलं दुसरं कॉलेज घेणं म्हणजे ट्रान्सफर, आणि विद्यापीठच बदललं तर मायग्रेशन. बोलताना दोन्हीला आपण 'कॉलेज बदललं' असंच म्हणतो आणि घोळ तिथूनच होतो.

गेल्या वर्षी एक वडील मुलीला घेऊन आले. बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालेलं, त्यांची बदली कोल्हापूरला. मी म्हटलं, "नुसत्या टीसीवर भागायचं नाही. ते शिवाजी विद्यापीठ, मायग्रेशन काढावं लागेल." ते म्हणाले, "अहो साहेब, रत्नागिरीहून कोल्हापूर जवळ की मुंबई?" अंतराचं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. आंबा घाट चढला की कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास. मुंबई त्याच्या दुपटीहून लांब. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे मुंबई विद्यापीठाकडे आहेत. त्यामुळे सावंतवाडीची मुलगी दादरच्या कॉलेजात गेली तर ती ट्रान्सफर, आणि शेजारच्या गोव्यात पणजीला गेली तर मायग्रेशन. शिरवळचंही तसंच. पुणं तासा-दीड तासावर, पण नीरा नदीच्या अलीकडे सातारा जिल्हा, म्हणजे शिवाजी विद्यापीठ. पलीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.

ट्रान्सफरमध्ये विद्यार्थी विद्यापीठाच्या दप्तरात तोच राहतो. त्याचा पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक बदलत नाही, अभ्यासक्रम साधारण तोच, पदवीवर नाव त्याच विद्यापीठाचं. एखादा विषय राहिला असेल तरी तो विषय त्याच विद्यापीठाचा असतो, त्यामुळे मार्ग निघतो. कागदही थोडे : नव्या कॉलेजचं 'जागा आहे, प्रवेश देऊ' असं पत्र, जुन्या कॉलेजची नाहरकत, लायब्ररी-लॅबची बाकी नसल्याचा शेरा आणि टीसी. बहुतेक ठिकाणी हे वर्षाच्या सुरुवातीलाच होतं. डिसेंबरात मधल्या सेमिस्टरला आलेल्यांना आम्हाला बहुधा परत पाठवावं लागतं.

मायग्रेशनमध्ये जुनं विद्यापीठ तुम्हाला मोकळं करतं आणि नवं विद्यापीठ तुम्हाला नव्याने तपासतं. मायग्रेशन सर्टिफिकेट कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. ते दाखवून पात्रता म्हणजे एलिजिबिलिटी होते, नवा नोंदणी क्रमांक मिळतो. पदवी संपवून एम.ए., एम.कॉम.ला दुसरीकडे जाणाऱ्यांना हे सोपं जातं. पदवीच्या मध्येच जाणाऱ्यांना जड जातं, कारण विषयाला विषय आणि क्रेडिटला क्रेडिट (म्हणजे विषयाला मिळणारे श्रेयांक) जुळवून बघतात. राहिलेले विषय घेऊन मधल्या वर्षाला शिरणं तर फारच अवघड.

सीबीएसईची मुलं हमखास बारावीचं मायग्रेशन पुढे करतात. "आमच्याकडे आहे की!" ते बोर्डाचं असतं आणि पहिल्या वर्षाच्या प्रवेशाला त्याचं काम झालेलं असतं. विद्यापीठ सोडताना विद्यापीठाचंच लागतं.

आता एवढंच असतं तर जिल्ह्यांचा नकाशा भिंतीवर लावून काम भागलं असतं. पण मुंबईत चर्चगेट स्टेशनवर उतरा. केसी कॉलेज एचएसएनसी विद्यापीठात आहे. सिडनहॅम २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे, एल्फिन्स्टनही त्यातच. जयहिंद मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त. ही कॉलेजं एकमेकांपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहेत. जयहिंदमधून सिडनहॅमला गेलात तर रस्ता ओलांडता ओलांडता विद्यापीठ बदललं. सिडनहॅममधून एल्फिन्स्टनला गेलात तर बदललं नाही.

आणि स्वायत्त कॉलेजांकडे मी मुलांचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण तिथे कागद एक सांगतो आणि अभ्यास दुसरंच. मुंबईचं सेंट झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे, पुण्याचं फर्ग्युसनही स्वायत्त. पदवी विद्यापीठाची, म्हणून मायग्रेशन लागत नाही. पण अभ्यासक्रम त्यांनी आखलेला, पेपर त्यांनी काढलेले. साध्या संलग्न कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला तिथे जायचं तर विषय आणि क्रेडिट जुळवण्याची सगळी कटकट मायग्रेशनसारखीच. उलट दिशेनेही तेच. म्हणून मी दोन गोष्टी विचारतो : पदवी कोण देणार, आणि पेपर कोण काढतो? दोन्हीचं उत्तर जुन्या-नव्या कॉलेजला सारखं आलं तरच ही साधी ट्रान्सफर.

संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं, तेव्हापासून साध्या ट्रान्सफरलाही एक गाठ बसली आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय तोच असला तरी मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) प्रत्येक कॉलेज आपल्याकडच्या शिक्षकांप्रमाणे देतं. तुमचा मायनर मानसशास्त्र आणि नव्या कॉलेजात तो विषयच नाही, तर काय करणार? जागा विचारायच्या आधी हे विचारा. शिवाय २०२१ मध्ये आलेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे मुलांना वाटतं, आता क्रेडिट ऑनलाइन आहेत, मायग्रेशन कशाला. त्या खात्यात तुमची कमाई जमा असते. ती मान्य करायची की नाही आणि प्रवेश द्यायचा की नाही, हे नव्या विद्यापीठाने-कॉलेजनेच ठरवायचं.

वैद्यकीयला हा हिशेब लागू नाही. अभिमत (डीम्ड) विद्यापीठं सोडली तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून साऱ्या राज्यासाठी एकच आहे, म्हणजे सिंधुदुर्ग ते गडचिरोली एकच विद्यापीठ. तरी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी एमबीबीएसला प्रवेश घेतल्यावर कॉलेज बदलायला बंदी घातली. तिथे पसंतीक्रम भरतानाच नीट विचार करावा.

सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे : नव्या कॉलेजचं पत्र हातात येण्याआधी जुना प्रवेश रद्द करू नका. मुलं उत्साहात आधी टीसी काढतात, मग तिकडे तुकडी भरलेली निघते आणि इकडची जागा गेलेली असते. खिडकीच्या या बाजूला बसून त्यावेळी त्या मुलाकडे बघवत नाही.

म्हणून त्या वडिलांनाही मी टीसीचा अर्ज दिला, पण भरू दिला नाही. पहिल्या वर्षाच्या सगळ्या विषयांचा अभ्यासक्रम छापून, शिक्का मारून त्यांच्याकडे दिला आणि म्हटलं, आधी कोल्हापूरला जाऊन हा दाखवा. आठवड्याने आले. दोन विषयांची क्रेडिट जुळत नव्हती, वर्ष वाया जायची शक्यता होती. मुलगी इथेच आत्याकडे राहिली. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि एम.कॉम.ला कोल्हापूरला जाणार आहे. मायग्रेशनचा अर्ज कुठे मिळतो, हे तिने परवाच येऊन विचारलं.