ई-रुपया म्हणजे सरकारी बिटकॉइन नव्हे

नोट कुठून येते हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातायत आणि जेलरोड-उपनगरच्या गल्ल्यांमध्ये प्रेसमधून रिटायर झालेला माणूस हमखास सापडतो. अशाच एका काकांनी परवा विचारलं, "आता सरकारनंच बिटकॉइन काढलाय म्हणे, मोबाइलमधला. मग आमच्या प्रेसचं काय?"

काका म्हणत होते तो ई-रुपया. त्याचा आणि बिटकॉइनचा घोळ घालणारे ते एकटे नाहीत. दोन्ही मोबाइलमध्ये, दोन्हीला वॉलेट लागतं, दोन्ही 'डिजिटल चलन' म्हणून बातम्यांत येतात. पण पैशावर सरकारचा हात किती, हे पाहिलं तर दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत.

ई-रुपया ही नोटच आहे, फक्त कागद नाही. २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'बँक नोट' या शब्दात डिजिटल नोटही बसली. १ डिसेंबर २०२२ ला सामान्य ग्राहकांसाठी त्याची चाचणी सुरू झाली. बँकेच्या ई-रुपया ॲपमध्ये खात्यातून हजार रुपये घेतले तर ते पाचशे, दोनशे, शंभर अशा मूल्यांत येतात, खिशातल्या नोटांसारखे. किराणावाल्याच्या नेहमीच्या यूपीआय क्यूआरवरही ते चालतात, त्यामुळे दुकानदाराला फरक कळतही नाही. यूपीआयमध्ये एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात. ई-रुपयात रिझर्व्ह बँकेची देणेदारी, म्हणजे 'एवढे पैसे देणं लागतो' हे नोटेवरचं वचन, थेट एका वॉलेटमधून दुसऱ्यात जाते. त्यावर व्याज नाही, भाव वर-खाली होणं नाही. आज घेतलेले पाचशे वर्षभरानेही पाचशेच.

बिटकॉइनमागे कोणाची देणेदारीच नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ ला त्याचा आराखडा मांडला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, तयार झाला. एकूण २ कोटी १० लाखांच्या वर बिटकॉइन निघणार नाहीत, असं त्याच्या नियमातच आहे. साधारण दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो, तो बनवणाऱ्याला नवे बिटकॉइन मिळतात आणि हे बक्षीस ठरावीक ब्लॉकनंतर निम्मं होतं. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ बिटकॉइन आहे. निवडणूक आली म्हणून वाढत नाही, मंदी आली म्हणूनही नाही.

बनावटगिरीचं काय? नाशिकला हा प्रश्न जरा जास्तच कळतो. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात इथल्याच मुद्रांक छापणाऱ्या प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रं वापरली गेली होती. सरकारी चलनाची सुरक्षितता भिंती, पहारा आणि हिशेबाच्या शिस्तीवर उभी असते. ई-रुपयातही तेच, पहारा फक्त सर्व्हरवर गेलाय. बिटकॉइनने पहारेकरीच काढून टाकला: सगळ्या व्यवहारांची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी असते, त्यामुळे तोच बिटकॉइन दोनदा खर्च करायला गेलात तर बाकीचे संगणक तो व्यवहार स्वीकारतच नाहीत. कल्पना चलाख आहे, हे बिटकॉइनच्या विरोधकानेही मान्य करायला हरकत नसावी.

आता दोन्हीला नोटबंदीची कसोटी लावून बघा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या रकमेचा सुमारे ८६ टक्के हिस्सा एका भाषणात बाद. त्यानंतर नव्या पाचशेच्या नोटांसाठी नाशिकरोडच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशीही यंत्रं चालवली. ई-रुपयाच्या बाबतीत असा निर्णय झाला तर रांगाही लागणार नाहीत, काम सर्व्हरवरच होईल. बिटकॉइन मात्र असा रद्द करता येत नाही, कारण त्याचं कार्यालयच नाही, जिथे आदेश पाठवायचा.

इथपर्यंत ऐकलं की क्रिप्टोप्रेमी, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांची चाहती मंडळी खूश होतात. "बघा, सरकारचा हात पोचतच नाही!" इथेच गल्लत होते. हात वहीपर्यंत पोचत नाही, माणसापर्यंत बरोबर पोचतो.

भारतातच काय झालं ते पाहा. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवसायाशी संबंध तोडायला सांगितलं. बिटकॉइनला धक्काही लागला नाही, पण एक्स्चेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, रुपये भरायचे आणि काढायचे रस्तेच बंद झाले. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवलं. मग सरकारने दुसरा मार्ग धरला: नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. एका कॉइनमध्ये लाख कमावले, दुसऱ्यात लाख गमावले, तरी तोटा वजा होत नाही. कमावलेल्या लाखावर कर भरायचाच. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, म्हणजे केवायसी आलीच. बंदी न घालता नाड्या कशा आवळाव्यात याचा हा नमुना आहे. आणि यातून क्रिप्टो 'कायदेशीर चलन' झालं असा अर्थ काढू नका. कर लागतो म्हणजे मान्यता मिळाली, हा युक्तिवाद कॉलेज रोडच्या कॅफेत बराच ऐकू येतो, तो फोल आहे.

एक्स्चेंज टाळून थेट कोणाला क्रिप्टो विकायचं, तो यूपीआयने पैसे पाठवणार, असंही चालतं. त्यात समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीचे निघाले तर विकणाऱ्याचं खातं गोठतं. मग दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचा पत्ता शोधा, कागद पाठवा, वाट बघा. त्या व्यवहारात क्रिप्टोची वही चोख असते. अडकतो तो रुपया, कारण रुपया बँकेत असतो.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर बिटफिनेक्स एक्स्चेंजवरून चोरी झालेल्या बिटकॉइनचं घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकन यंत्रणेने त्यातले ९४ हजारांहून जास्त बिटकॉइन जप्त केले. त्यांनी बिटकॉइनचं कूट फोडलं नाही. आरोपीच्या क्लाउड खात्यातल्या फायलीत बिटकॉइन खर्च करायच्या गुप्त किल्ल्या सापडल्या, एवढंच. चीननेही २०२१ मध्ये बिटकॉइन मायनिंगवर, म्हणजे नवे ब्लॉक बनवण्याच्या धंद्यावर, बंदी आणली. यंत्रं बरीचशी दुसऱ्या देशांत गेली आणि ब्लॉक निघत राहिले. सरकार स्वतःच्या हद्दीतल्या माणसांना अडवू शकतं, जाळं बंद पाडू शकत नाही. सगळं क्रिप्टो असं मोकाट असतं असंही नाही बरं का. टेथरसारखं डॉलरला बांधलेलं नाणं काढणारी कंपनी पोलिसांच्या सांगण्यावरून एखादा पत्ता गोठवू शकते, आणि गोठवतेही.

ई-रुपयाकडे परत येतो, कारण त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने त्यात दोन गोष्टी आणायचं जाहीर केलं: नेटवर्क नसतानाचे व्यवहार, आणि ठरावीक कामापुरता वापर. पहिलीचा फायदा सुरगाणा-पेठच्या डोंगरात उघड आहे. दुसरीचा अर्थ असा की खतासाठी दिलेली रक्कम फक्त कृषी सेवा केंद्रातच खर्च होईल अशी सोय करता येते. अनुदान योग्य जागी जावं यासाठी हे चांगलंच. पण लासलगावात कांदा विकून हातात रोख आली, तर त्यातून खत घ्यायचं, मुलाची फी भरायची की सोसायटीचा हप्ता, हे शेतकरी ठरवतो. नोट काही विचारत नाही. ई-रुपयाची नोट विचारू शकते. छोट्या व्यवहारांत रोखीसारखी गोपनीयता ठेवू असं रिझर्व्ह बँक म्हणते. ते कायद्यात किती पक्कं लिहिलं जातं, यावर माझं लक्ष आहे. बिटकॉइनच्या भावापेक्षा हा विषय आपल्या रोजच्या आयुष्याच्या जास्त जवळचा वाटतो मला.

भावाबद्दल एवढंच: नोव्हेंबर २०२१ मध्ये ६८-६९ हजार डॉलरवर गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आला होता. पुढे चढला, हेही खरं. सरकारच्या आवाक्याबाहेरच्या पैशाला मागे उभं राहणारंही कोणी नसतं. वॉलेटची बारा शब्दांची गुप्त किल्ली हरवली तर तक्रार घ्यायला शाखा नाही, लोकपाल नाही.

काकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. प्रेसला सध्या काही होत नाही. देशात फिरणाऱ्या कागदी नोटांपुढे ई-रुपया अजून चिमूटभर आहे. आणि 'आरबीआयमान्य कॉइन, महिन्याला दहा टक्के' असं सांगत कोणी घरी आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. ई-रुपयावर परतावा मिळत नाही आणि आरबीआयने कुठल्याही क्रिप्टोला मान्यता दिलेली नाही.