नेम, दस्ता आणि धक्का : थ्री नॉट थ्रीपासून दहा मीटरपर्यंत

सोलापुरात रायफल शिकायला येणारी मुले बहुधा दोन वाटांनी येतात : एनसीसीची पॉइंट टू-टू (०.२२ इंच नळीची रायफल), नाहीतर हॉलमधली दहा मीटर एअर रायफल. तक्रार दोन्हीकडे एकच असते, ग्रुप बसत नाही, म्हणजे छिद्रे एका जागी येत नाहीत. मग डोळे तपासतात, एकाग्रतेवर बोलतात. दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकवायचा भाग, मुलाच्या मापाचा आहे का, हे शेवटी बघतात. खरे तर तेच आधी बघायला हवे. फौजेला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळली होती.

१८९९ ते १९०२ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तिथल्या शेतकऱ्यांच्या नेमबाजीचा मार खाल्ल्यावर ब्रिटिश फौजेने सराव नव्याने बांधला. पुढे गाजलेला पाठ म्हणजे ३०० यार्डांवर मिनिटाला १५ गोळ्या. इतक्या घाईत दस्ता खांद्यावरून जरा सरकला तरी नेम पुन्हा पहिल्यापासून धरावा लागतो. या फौजेच्या ली-एन्फील्ड रायफलीचा बट (दस्त्याचा खांद्याकडचा भाग) वेगळा तुकडा होता आणि तो मापांत मिळे : नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड आणि एक इंच आखूड 'बँटम'. हीच ०.३०३ इंचाची थ्री नॉट थ्री पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिली.

तिच्या धक्क्याचा हिशेब सोपा आहे. सुमारे ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७४० मीटर वेगाने सुटते. दारूच्या वायूचा रेटा धरला तर चार किलोची रायफल सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास मागे येते. दस्ता लांब असेल तर खांदा मागे रेलतो आणि बट दंडावर घसरतो. आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. गाल नीट टेकत नसेल तर मान उचलली जाते आणि मार गालफडाला बसतो. दोन-चार वेळा लागले की शरीर शिकते : ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो, गोळी खाली जाते. हे दचकणे ओळखायचे तर नेमबाजाला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच डमी काडतूस घालावे. नुसता 'टक' झाला आणि नळीचे तोंड खाली गेले, तर दोष रायफलचा नाही.

१९४८ मध्ये एनसीसी आली, १९५१ मध्ये ग. वा. मावळंकरांच्या पुढाकाराने राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. पॉइंट टू-टूने धक्का जवळजवळ संपवला. स्प्रिंगच्या एअर रायफलीने मात्र वेगळीच पंचाईत केली. पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे जाते, तो थांबताना पुढे झटका बसतो, आणि हे सगळे छर्रा नळीत असतानाच. १९६१ च्या सुमारास जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने रायफलीचा वरचा भाग रुळावर सरकता करून हा झटका दस्त्यापर्यंत येऊ दिला नाही. १९८४ मध्ये दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. नंतर दाबलेल्या हवेच्या सिलिंडरने स्प्रिंगच काढून टाकली.

धक्का गेला, तरी दस्त्यावरचे स्क्रू वाढतच गेले. कारण निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ७५ सेंटिमीटर अंतर धरले, तर डोळा ०.१ मिलिमीटर चुकला की छर्रा १.३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे निशाणावरची अर्धी रिंग गेली. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असे तीन आकार घ्यावे लागतात आणि प्रत्येकासाठी बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), चीकपीस (गाल टेकायचा भाग) पुन्हा लावावे लागतात. पॅरिसला २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवले ते याच प्रकारात.

जुळवताना क्रम पाळावा. आधी लांबी, मग बटप्लेटची उंची, शेवटी चीकपीस. डोळे मिटून गाल टेकवावा, मग उघडावे. पुढच्या साइटची रिंग मागच्या साइटच्या छिद्राच्या मधोमध दिसली नाही तर मान नव्हे, चीकपीस हलवायचा. एका दिवशी एकच स्क्रू, आणि वहीत नोंद. चार स्क्रू एकदम फिरवले तर फरक कशाने पडला ते कधीच समजत नाही. रायफल डावी-उजवी जात असेल तर हाताने ओढू नये, पाय सरकवावेत. स्थिरावल्यापासून आठेक सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्यावी. सुटल्यावरही दोन सेकंद नजर साइटवरच ठेवावी. कारण छर्रा सावकाश, सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जातो. रोज वीस मिनिटे कोरडा सराव (गोळी किंवा छर्रा न घालता) पुरे, पण स्प्रिंग रायफल रिकामी उडवू नये, पिस्टन खराब होतो. पॉइंट टू-टूत स्नॅप कॅप (पिनचा मार झेलणारे खोटे काडतूस) घालावी, नाहीतर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. जाड जॅकेटखाली घाम आला की बट सरकतो, म्हणून सराव सकाळी लवकर. आणि २०० बार दाबाचा हवेचा सिलिंडर बंद गाडीत ठेवू नये : २५ अंशांवरून ६० अंशांवर गेला तर दाब २२० च्या वर चढतो. उघड्या मैदानावर डावीकडून ऊन आले तर पुढच्या साइटची डावी कड चमकते, डोळा तिलाच मध्य मानतो आणि गोळी उजवीकडे जाते. जुने नेमबाज त्यावर कापूर पेटवून साइटला काजळी धरत. ती आजही चालते.