गळ्यातल्या चार दाण्यांची राखण

थायरॉईडचं ऑपरेशन झालं की बाहेर थांबलेले नातेवाईक डॉक्टरांना ठरलेले प्रश्न विचारतात. गाठ कसली निघाली, आवाज नीट राहील ना, टाके कधी काढायचे. कॅल्शियमबद्दल सहसा कुणी विचारत नाही. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा रत्नागिरीतून कोल्हापूर-मुंबईला ऑपरेशनसाठी जाणाऱ्या माणसाने तरी हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण कॅल्शियम खाली जातं ते बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोवर माणूस घाट उतरून घरी आलेला असतो.

बहुतेकांच्या थायरॉईडच्या मागच्या अंगाला, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन, अशा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. थायरॉईडला चिकटून असल्या तरी त्यांचं काम अगदी वेगळं आहे. रक्तातलं कॅल्शियम त्या सतत जोखत असतात. ते जरासं उतरलं की पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. पीटीएच हाडांतून कॅल्शियम मोकळं करतं, मूत्रपिंडांना ते लघवीवाटे घालवू देत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणतं. तेव्हा कुठे आतडी अन्नातलं कॅल्शियम पुरेसं उचलतात. हे संप्रेरक रक्तात टिकतं जेमतेम काही मिनिटं. त्यामुळे ग्रंथींचं काम थांबलं की साठा म्हणून काही उरत नाही, आणि एकदोन दिवसांत कॅल्शियम घसरू लागतं.

या ग्रंथी वैद्यकाच्या नजरेत फार उशिरा आल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा १८४९ साली मेला. त्याचं विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना थायरॉईडला चिकटलेला छोटा पिवळा पिंड दिसला. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्याच काळात युरोपातल्या दोन नामवंत सर्जनच्या रुग्णांत एक विचित्र फरक दिसत होता. बर्नच्या थिओडोर कोखर यांचे रुग्ण पूर्ण थायरॉईड काढल्यावर सुजायचे, सुस्तावायचे. व्हिएन्नाच्या बिलरोथ यांच्या रुग्णांचे मात्र हातपाय आखडायचे, झटके यायचे. अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी पुढे त्याची उकल मांडली: कोखर रक्त न सांडता, सावकाश, थायरॉईडच्या आवरणाला धरून काम करत, म्हणून आजूबाजूच्या ग्रंथी वाचत. बिलरोथ यांचा हात वेगाचा होता. थायरॉईडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉईड जात. कोखर यांना १९०९ साली नोबेल मिळालं. त्यांच्या त्या निगुतीच्या हाताचं मोल मला आजही सगळ्या यंत्रांहून जास्त वाटतं.

खरी कसोटी ऑपरेशनच्या टेबलावर लागते. ग्रंथी पिवळसर तपकिरी, भोवतालची चरबी फिकट पिवळी, आणि लसीकाग्रंथीचा (लिम्फ नोडचा) एखादा गोळाही जवळपास तसाच दिसतो. वरच्या दोन ग्रंथी बऱ्यापैकी ठरल्या जागी सापडतात. खालच्या दोन गर्भावस्थेत छातीतल्या थायमस या ग्रंथीबरोबर खाली उतरत येतात आणि वाटेत कुठेही थांबतात. कधी जबड्याजवळ, तर कधी थेट छातीत.

ग्रंथी सापडली म्हणजे ती वाचली असं नाही. तिला रक्त पुरवणारी धमनी केसासारखी बारीक असते, आणि ती बहुतेक वेळा थायरॉईडच्या खालच्या धमनीचीच फांदी असते. म्हणून आजचा सर्जन मूळ धमनी बांधत नाही. तो थायरॉईडच्या अगदी अंगालगत जातो, आत शिरणारी एकेक बारीक शाखा वेगळी बांधतो आणि ग्रंथीला तिच्या धमनीसकट हळूच मागे सारतो. मग थांबून रंग पाहतो. रंग टिकला तर ठीक. ग्रंथी काळीनिळी पडत गेली तर आत रक्त तुंबलंय, आणि पांढुरकी पडली तर रक्तच पोचत नाहीये.

अशी ग्रंथी टाकून देत नाहीत. तिचा कणभर तुकडा तपासून ती पॅराथायरॉईडच असल्याची खात्री करतात, बाकीचे एकेक मिलिमीटरचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत छोटा कप्पा करून पेरतात. स्नायूतून त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि काही आठवड्यांत काम सुरू होऊ शकतं. काढलेला थायरॉईड पॅथॉलॉजीकडे पाठवण्याआधी उलटसुलट करून पाहणं हीसुद्धा चांगल्या सर्जनची सवय, कारण एखादी ग्रंथी त्याला चिकटून निघालेली असते.

अलीकडे प्रकाशाची मदत मिळू लागली आहे. मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनिता महादेवन-जॅन्सन आणि त्यांच्या अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या, ७८५ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात पॅराथायरॉईड स्वतःहून उजळते, आणि थायरॉईडपेक्षा कितीतरी जास्त. कुठला रंग टोचावा लागत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तत्त्वावरच्या दोन उपकरणांना परवानगी दिली. पण रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही तशीच उजळत राहते. ती जिवंत आहे का, हे पाहायला इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य शिरेतून देऊन रक्त पोचतंय का ते बघतात.

एवढं सगळं करूनही पूर्ण थायरॉईड काढलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाचं किंवा थोड्या अधिकांचं कॅल्शियम काही काळ उतरतं. दुखावलेल्या ग्रंथी सावरल्या की ते वर येतं. कायमचं उणेपण अनुभवी हातांत शंभरात एक ते तीन जणांना येतं. मानेतल्या लसीकाग्रंथीही काढाव्या लागल्या, तर धोका वाढतो. गाठ एकाच बाजूला असेल आणि अर्धाच थायरॉईड काढून भागत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या दोन ग्रंथींना हातच लागत नाही. म्हणून ‘अर्धा काढून चालेल का?’ हे आधीच विचारावं. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही ऑपरेशनआधी भरून काढलेलं बरं.

घरी आल्यावर पहिली खूण ओठांभोवती येते. झिणझिण्या, मग बोटांच्या टोकांना मुंग्या, पायात गोळे. देवगड-राजापूरकडच्या दवाखान्यात बीपी मोजताना दंडाचा पट्टा दोनतीन मिनिटं फुगलेला ठेवला, तर मनगट आपसूक वाकतं, बोटं ताठ होऊन एकत्र येतात, अंगठा आत वळतो. हा अशक्तपणा नव्हे, वातही नव्हे. गळ्याचं ऑपरेशन झालंय हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा. शिरेतून सावकाश दिलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट हे साधं, स्वस्त औषध अशा वेळी झटके आणि हृदयाची लय बिघडणं टाळतं. ऐन पावसात दरड कोसळून घाट बंद असताना मोठ्या शहराकडे निघण्यापेक्षा जवळचा दवाखाना आधी गाठावा.

अशा वेळी घरचे नाचणीची भाकरी आणि आंबील पुढे करतात. माया खरी आहे, आणि नाचणीत कॅल्शियमही खरंच भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. पण पीटीएच नसताना आतडी ते नीट उचलत नाहीत आणि मूत्रपिंडं अडवत नाहीत. म्हणून कॅल्शियमच्या गोळीबरोबर कॅल्सिट्रिऑल, म्हणजे तयार झालेलं ड जीवनसत्त्व, द्यावं लागतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि थायरॉईड काढल्यावर सकाळी घ्यायच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या गोळीपासून ती चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. बरं वाटलं म्हणून मनानेच गोळ्या बंद करणं धोक्याचं, तसंच भीतीपोटी वाढवणंही. जादा कॅल्शियम लघवीतून जाताना मुतखडे करतं. ज्यांना या गोळ्या कायमच्या लागल्या आहेत, त्यांनी रक्तातल्या कॅल्शियमबरोबर मूत्रपिंडांची तपासणीही ठरलेल्या अंतराने करून घ्यावी. या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात.