सडबरीची जमीन आणि उपग्रहाची नोंद

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील सडबरी हे निकेल आणि तांब्याच्या खाणींचे शहर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे गंधकयुक्त खनिज लाकडांच्या ढिगांवर रचून उघड्यावर भाजत असत. लाकडासाठी जंगल तुटले, धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने उरलेली झाडे मारली, माती वाहून गेली आणि उघडे पडलेले खडक काळे पडले. सुमारे 17 ते 20 हजार हेक्टर जमीन पूर्ण उजाड झाली. 1972 मध्ये तेथे 381 मीटर उंचीचे धुराडे सुरू झाले आणि त्याच वर्षी पृथ्वीच्या जमिनीची चित्रे टिपणारा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला. हा निव्वळ योगायोग अभ्यासकांच्या पथ्यावर पडला, कारण 1978 मध्ये सुरू झालेल्या हिरवाईच्या मोहिमेपूर्वीची स्थितीही नोंदली गेली.

पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाची आतली रचना जवळचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा) प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोन नोंदींतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. तो उघड्या खडकावर शून्याच्या आसपास, तर दाट जंगलावर बराच जास्त असतो.

तुलना मात्र जपून करावी लागते. पहिल्या लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे 80 मीटर बाजूच्या चौकोनाइतका होता, 1980 च्या दशकात तो 30 मीटरवर आला. त्यामुळे जुन्या चित्रात खडक आणि बर्चची झुडपे एकाच ठिपक्यात मिसळलेली दिसतात. ऋतूही पाहावा लागतो. उन्हाळ्यातल्या चित्रात आपोआप उगवलेला बर्च आणि लावलेले पाइन सारखेच हिरवे भासतात, पण पानगळीनंतरच्या चित्रात फक्त पाइन हिरवे राहतात, आणि काय लावले व काय स्वतःहून आले हे बरेचसे उलगडते.

माझ्या मते खरी गफलत निर्देशांकाच्या अर्थात होते. मोहिमेत जमिनीवर चुनखडीची भुकटी पसरली, मग खत घालून गवत व शेंगवर्गीय वनस्पतींचे बी पेरले. आम्लता घटल्यामुळे तांबे आणि निकेल मुळांना कमी बाधू लागले. ते मातीतून नाहीसे झाले नाहीत. लवकर उगवणारे गवत मात्र निर्देशांक झपाट्याने वाढवते. म्हणून मातीचे नमुने तपासल्याशिवाय त्या वाढीला जमिनीची सुधारणा म्हणता येत नाही; नमुने नेमके कोठून घ्यावेत, हे ठरवायला मात्र उपग्रहाचे चित्र फार उपयोगी पडते.