काउंटी म्हणजे अमेरिकेतली जिल्हा परिषद नव्हे

अमेरिकेत निवडणूक लागली की मराठीत एक वाक्य हटकून वाचायला मिळतं: 'काउंटी म्हणजे त्यांच्याकडची जिल्हा परिषद.' त्याच्या शेपटीला दुसरं असतं: 'फक्त तिकडे खरं स्थानिक स्वराज्य आहे, आपल्याकडे सगळं मंत्रालयातून चालतं.' पहिलं वाक्य निम्मं तरी खरं आहे: काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा भाग आणि तिथलं स्थानिक सरकार. दुसरं वाचलं की माझं डोकं फिरतं. कायद्याच्या पुस्तकात काउंटी झेडपीपेक्षा कितीतरी दुबळी आहे. प्रत्यक्षात ती बळकट दिसते, पण त्याची कारणं हे वाक्य लिहिणाऱ्यांना वाटतात ती नव्हेत.

झेडपी काय असते हे इथं सांगत बसत नाही. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ पासूनचा कारभार, अध्यक्ष, सभापती, वर आयएएस सीईओ, खाली शाळा, आरोग्य केंद्रं, रस्ते, पाणी. 'मिनी मंत्रालय' म्हणायची पद्धत आहे, ती का आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

किरकोळ फरक आधी उरकतो. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. डेलावेअरमध्ये तीनच काउंट्या आहेत, टेक्सासात २५४. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे १ कोटी माणसं राहतात आणि टेक्सासातल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत ६४ निघाली. टेक्सासातला 'काउंटी जज' हा मुख्यतः काउंटीचा कारभारी असतो, कमिशनर्स कोर्ट नावाच्या पाच जणांच्या मंडळाचा प्रमुख. हे 'कोर्ट' बहुतेक वेळ रस्ते, तुरुंग आणि अंदाजपत्रकावर बोलत असतं. म्हणून भारतीय वंशाचा कुणी काउंटी जज झाला की 'अमेरिकेत न्यायाधीश झाला' असं लगेच छापू नये, एवढंच.

आणि काउंटीच्या प्रमुखाला कलेक्टर म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. कलेक्टर हा राज्याने नेमलेला अधिकारी. काउंटीत शेरीफ (पोलिसप्रमुख), क्लार्क (कारकून नव्हे, नोंदी सांभाळणारा अधिकारी), कर गोळा करणारा, बऱ्याच ठिकाणी सरकारी वकीलसुद्धा मतदानानं येतो. आपल्या एसपींची बदली गृह खात्याच्या एका आदेशानं होते. शेरीफची बदली हा प्रकारच नाही, त्याला मतदार घरी बसवतात.

याहून जरा महत्त्वाचा फरक हद्दीचा. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्याला पुणे जिल्हा परिषदेसाठी मत देता येत नाही. शहर आलं की झेडपीची हद्द संपते. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना तर झेडपीच नाही. म्हणूनच ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शहर काउंटीच्या पोटात असतं. ह्यूस्टनचा रहिवासी महापौरही निवडतो आणि हॅरिस काउंटीचा कमिशनरही. टेक्सासात शहराबाहेरच्या वस्तीला मात्र काउंटीशिवाय दुसरं सर्वसाधारण स्थानिक सरकार नाही. अपवाद व्हर्जिनिया: तिथली ३८ शहरं काउंटीच्या पूर्ण बाहेर आहेत, अलेक्झांड्रिया त्यातलंच एक. आपल्याकडच्या मांडणीशी जवळचं काही शोधायचंच असेल तर ते तिथं सापडेल.

आता मूळ प्रश्न. काउंटी कुणाच्या जिवावर उभी आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेत काउंटीचा उल्लेखही नाही. संघराज्य आणि राज्यं, एवढ्या दोनच पायऱ्या त्या घटनेला माहीत आहेत. राज्याच्या आत काय करायचं ते राज्यानं बघावं. १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी हे सडेतोड लिहून ठेवलं: स्थानिक संस्थांना विधिमंडळ जन्म देतं, अधिकार देतं, आणि जे जन्म देतं ते मोडूही शकतं. १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पिट्सबर्गच्या खटल्यात त्याच धर्तीचा निकाल दिला. काही राज्यांनी पुढे 'होम रूल' म्हणून थोडी मोकळीक दिली. कॅलिफोर्नियात ५८ पैकी १४ काउंट्यांना स्वतःची सनद आहे. टेक्सासात शहरांना होम रूल मिळू शकतं, काउंटीला नाही. टेक्सासातल्या काउंटीला सरसकट नियम करायचा अधिकारही नाही, विधिमंडळानं नाव घेऊन जे दिलं तेवढंच तिचं.

हे नुसतं कागदोपत्री राहिलेलं नाही. कनेटिकटनं १९६० मध्ये आपल्या आठही काउंट्यांची सरकारं बंद करून टाकली. नावं नकाशावर राहिली, कारभार गेला. ऱ्होड आयलंडमध्ये काउंटीला सरकार नाहीच. मॅसॅच्युसेट्सची मिडलसेक्स काउंटी, बॉस्टनच्या शेजारची, लाखो लोकांची. तिला रुग्णालयाचं कर्ज फेडता येईना, तेव्हा १९९७ मध्ये राज्यानं तिचं सरकार मोडीत काढलं. पुणे किंवा नाशिकची झेडपी उद्यापासून नाही, असा कायदा मुंबईत करून पाहा.

संपूर्ण काउंटी मोडायची वेळ क्वचित येते. रोजचा खेळ बारीक असतो. त्याचा एक नमुना सांगतो. हॅरिस काउंटीनं २०२० मध्ये निवडणुकांसाठी एक वेगळा प्रशासक नेमायचं ठरवलं. टेक्सासचा कायदा तशी मुभा देतो आणि अनेक काउंट्यांत असा प्रशासक आहे. नोव्हेंबर २०२२ च्या मतदानात काही केंद्रांवर मतपत्रिकांचा कागद कमी पडला. काउंटीत सत्ता डेमोक्रॅटांची, राजधानी ऑस्टिनच्या विधिमंडळात रिपब्लिकनांची. २०२३ च्या अधिवेशनात सिनेट बिल १७५० आलं: ३५ लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या काउंटीत हे पद रद्द, मतदार नोंदणी कर-अधिकाऱ्याकडे, मतदान काउंटी क्लार्ककडे. ३५ लाखांच्या वर टेक्सासात एकच काउंटी आहे. दुसऱ्या नंबरवर डॅलस, २६ लाखांची. कायद्यात हॅरिसचं नाव नाही, कारण एकाच काउंटीपुरता कायदा करायला राज्याच्या घटनेत बंदी आहे. म्हणून लोकसंख्येचा आकडा असा बेतायचा की बोट एकीकडेच जाईल. काउंटी याच मुद्द्यावर कोर्टात गेली, खाली स्थगितीही मिळाली, पण टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं कायदा १ सप्टेंबर २०२३ ला लागू होऊ दिला. ४७ लाख लोकांच्या काउंटीचं एक अख्खं कार्यालय गेलं, आणि काउंटीला कुणी विचारलंही नाही.

याच्या समोर आपली झेडपी ठेवा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू आहे. कलम २४३-बी म्हणतं की जिल्हा पातळीवर पंचायत असलीच पाहिजे. २४३-ई म्हणतं की मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. २४३-के म्हणतं की निवडणूक घेणारा आयोग वेगळा. राज्य सरकारला कितीही राग आला तरी जिल्हा परिषद ही संस्थाच रद्द करणं त्याच्या हातात नाही. अमेरिकेतल्या एकाही काउंटीला देशाच्या घटनेतून असं कवच मिळालेलं नाही.

आणि तरी काय झालं? मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका झाल्या नाहीत. सीईओच प्रशासक झाले आणि वर्षामागून वर्षं प्रशासकच राहिले. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. तीही मुदत पाळली गेली नाही, मग ३१ जानेवारी २०२६ ची नवी मुदत मिळाली. घटनेत 'मुदत संपायच्या आत' असं लिहिलेलं असताना.

लोक इथं चटकन 'आपल्याकडे इच्छाशक्ती नाही' म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर अजिबात आवडत नाही, कारण ते काहीच सांगत नाही. फरक यंत्रणेत आहे. आपल्याकडे निवडणूक 'लागावी' लागते. आधी सदस्यसंख्या ठरते, मग गट-गणांची रचना, मग आरक्षणाची सोडत, मग हरकती, मग मतदार याद्या, मग आयोगाची घोषणा. यातली प्रत्येक पायरी राज्याच्या कायद्याला बांधलेली आहे आणि प्रत्येक पायरीवर कोर्टात जाता येतं. मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालानं ओबीसी आरक्षणासाठी स्वतंत्र आयोग, नव्यानं गोळा केलेली माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा अशा तीन अटी घातल्या. त्या पुऱ्या होईपर्यंत गाडी अडली. त्यात भर म्हणजे २०२२ मध्ये एका सरकारनं झेडपीच्या जागा वाढवल्या आणि त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्यानं त्या पूर्ववत केल्या. म्हणजे गट पुन्हा आखा, प्रकरण पुन्हा कोर्टात.

काउंटीची निवडणूक लागत नसते, ती येते. बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, शेरीफ, कर-अधिकारी, सगळे एकाच मतपत्रिकेवर. ती तारीख पुढं ढकलायची तर सगळ्यांचीच ढकलावी लागेल. प्रभागांच्या सीमा दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतात. त्यावरून खटले होतात, कधी वर्षानुवर्षं चालतात, पण मतदान त्यांच्यासाठी थांबून राहत नाही. शिवाय टेक्सासात शेरीफ, क्लार्क, कर-अधिकारी ही पदं राज्याच्या १८७६ च्या घटनेतच आहेत. विधिमंडळ त्यांची कामं कमी-जास्त करतं, साध्या कायद्यानं पद उडवू शकत नाही. हॅरिसमध्ये प्रशासक गेला पण क्लार्क राहिला, तो यामुळेच.

मला निवडायला सांगितलं तर मी त्यांची तारीख घेईन आणि आपली घटना ठेवीन. कॅलेंडरमध्ये आधीच छापलेली तारीख ही लोकशाहीतली सगळ्यात कमी कौतुक झालेली गोष्ट आहे.

पैशाचं गणितही याच अंगानं वाचावं लागतं. झेडपीचा बहुतेक पैसा राज्याकडून येतो, आणि तोही कोणत्या हेडखाली खर्च करायचा हे ठरवून येतो. २४३-जी मध्ये ११ व्या अनुसूचीतले २९ विषय आहेत खरे, पण ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. काउंटीकडे मालमत्ता कर असतो, म्हणून ती श्रीमंत आणि स्वतंत्र वाटते. पण दोरी राज्याच्या हातात. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ नं, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या एका प्रस्तावानं, कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणला आणि मूल्यातली वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखली. त्यानंतर जमा झालेला कर कुणाला किती हे राज्य ठरवू लागलं. टेक्सासनं २०१९ मध्ये कायदा केला की जुन्या मालमत्तांवरचं उत्पन्न वर्षाला ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवायचं असेल तर मतदारांना विचारा. आधी ही मर्यादा ८ टक्के होती.

उत्पन्नाला झाकण, आणि कामं मात्र वरून येतच राहतात. टेक्सासच्या २००१ च्या कायद्यानं गरीब आरोपींना वकील देण्याचे नियम कडक केले. खर्चाचा मोठा वाटा काउंट्यांवर. कॅलिफोर्नियात राज्याचे तुरुंग ओसंडून वाहत होते, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०११ मध्ये गर्दी कमी करायला लावली, आणि ऑक्टोबरपासून कमी गंभीर गुन्ह्यांतले कैदी काउंटीच्या तुरुंगात यायला लागले. त्यासोबत राज्यानं पैसा दिला, पण कैदी नको म्हणायची सोय नव्हती. टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीत १४० दिवसांसाठी बसतं. तेवढे दिवस काउंट्यांची माणसं ऑस्टिनमध्ये ठाण मांडून असतात ती यासाठीच. आपल्याकडे झेडपीची माणसं मंत्रालयात खेटे घालतात, त्याहून हे फार निराळं नाही.

ह्यूस्टनकडे घर घेतलेल्या मराठी माणसाच्या हाती हा सगळा गुंता एका कागदावर येतो. मालमत्ता कराचं बिल बहुतेक वेळा काउंटीच्या कर कार्यालयाकडून येतं, म्हणून शिव्या काउंटीला. त्यातली सगळ्यात जाड रक्कम साधारणपणे शाळा जिल्ह्याची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेची असते. तो वेगळा, त्याचं निवडून आलेलं मंडळ वेगळं. घराचं मूल्य ठरवणारा अप्रेझल डिस्ट्रिक्ट तिसराच. त्याच्या संचालक मंडळावर ७५ हजार किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या काउंट्यांत तीन जागा थेट मतदानानं भरायच्या, हेही २०२३ मध्ये ऑस्टिनलाच ठरलं, आणि पहिलं मतदान मे २०२४ मध्ये झालं. तेव्हा मूल्य जास्त लावलंय असं वाटत असेल तर काउंटी जजला ईमेल लिहून उपयोग नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे हरकत नोंदवायची असते, १५ मेपर्यंत किंवा नोटीस आल्यापासून ३० दिवसांत, यातलं जे उशिराचं असेल तोवर.