रानकोंबड्याची हद्द

थंडी सरत आली की तिलारीच्या खोऱ्यात, फणसाडच्या जंगलात पहाटे राखी रानकोंबडा आरवायला लागतो. गावठी कोंबड्यासारखी लांबलचक बांग नव्हे. तुटक, कर्कश: कुक-कायाक-क्युक-क्युक. उत्तरेकडचा तांबडा रानकोंबडा आधी पंख फडफडवतो, हा तेवढंही करत नाही. फेब्रुवारी ते मे हा विणीचा मुख्य हंगाम. या दिवसांत आरवायचं ते आपली हद्द शेजारच्या नराला ऐकवण्यासाठी. तोही पलीकडून उत्तर देतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर पायांच्या काट्यांनी झुंज होते.

नराचा हा हट्ट फासे लावणाऱ्यांनी फार आधी ओळखला होता. देशात अनेक ठिकाणी पाळीव कोंबडा रानात बांधून भोवती फासे मांडत. परक्याची बांग ऐकून जागेचा धनी तावातावाने येई आणि अडके.

पुस्तकांत हा पक्षी उशिरा आला. फ्रेंच प्रवासी सोनरा याच्या नावावरून डच पक्षीशास्त्रज्ञ टेमिंकने १८१३ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. १८७९ ते १८८१ दरम्यान ह्यूम आणि मार्शल या ब्रिटिश पक्षीअभ्यासकांचे शिकारी पक्ष्यांवरचे खंड निघाले. १८८० मध्ये विडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली. त्या काळच्या पक्षीअभ्यासाचा बराचसा पाया बंदूकच होती. मेलेला पक्षी मोजून होतो, पण त्याचं वागणं कळत नाही. नर एकाच मादीबरोबर राहतो की अनेकींबरोबर, यावर म्हणूनच मतं वेगवेगळी पडली. चार ते सात अंडी मादी एकटी उबवते, सुमारे २१ दिवस.

हद्दही बारमाही नसते. कारवीचं किंवा बांबूचं बी पडलं की एरवी फटकून राहणारे पक्षी एकाच ठिकाणी चरायला जमतात. वीण उरकली की नराच्या मानेची ठिपकेदार पिसं गळतात, पावसाळ्यात तो ओळखूही येत नाही. मादीपुढे मिरवायच्या याच पिसांपायी तो मारला गेला: विलायतेत मासे पकडायच्या गळांवर ती आमिष म्हणून बांधत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळालं.

पाळीव कोंबडी फक्त तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असं डार्विन मानत असे. २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं की तिच्या कातडीचा पिवळेपणा या राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा संकर आजही होऊ शकतो, फक्त आता काळजी उलट्या दिशेची आहे. रानाला लागून असलेल्या वाड्यांवर गावठी कोंबड्या मोकळ्या फिरतात, आणि त्यांचं रक्त रानातल्या पिढीत मिसळण्याचा धोका असतो.