पेनिसिलिन गटातल्या औषधांची मोजणी: नमुना कोणाला देता येतो, सोबत काय लागतं

आमच्या प्रयोगशाळेत नमुने स्वीकारण्याच्या टेबलावर एक गंमत रोज दिसते. अर्ज सहीशिक्क्यासह पूर्ण भरलेला, फक्त वेळेचा रकाना कोरा. आणि पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लॉक्सासिलिन मोजायचं तर आम्हाला सगळ्यात जास्त गरज त्याच रकान्याची. या औषधांच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम कडं (अणूंचं छोटं वलय) पाण्यात आपोआप तुटत जातं. रक्ताची नळी तासन्तास बाहेर राहिली की यंत्राला शरीरात होतं त्याहून कमी औषध दिसतं.

रुग्णाचं रक्त किंवा ऊती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मागणीपत्रावरच घेतल्या जातात. संशोधनाचा नमुना असेल तर नैतिकता समितीची मंजुरी जोडावी लागते, माणसाचा असल्यास संमतीपत्रही. औषधाचा नमुना उत्पादक, रुग्णालयाचं औषध भांडार किंवा औषध निरीक्षक पाठवू शकतात. कॅप्सूल बनावट असल्याचा संशय आलेल्या ग्राहकाने सहसा आधी औषध नियंत्रण यंत्रणेकडे तक्रार करावी. उघडलेल्या पट्टीवरच्या अहवालाला पुढे कोणी फारसं विचारत नाही.

रक्तासोबतच्या अर्जात डोस किती, शेवटचा डोस कधी, रक्त कधी काढलं आणि प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) वेगळा करून कधी गोठवला, हे घड्याळाच्या वेळेसह लिहा. किमान पातळी हवी असेल तर रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी काढतात. ज्या नळीतून औषध चाललंय तिच्यातूनच रक्त काढलं तर आकडा भलताच फुगतो. एकूण औषध मोजायचं की प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं, तेही सांगा. क्लॉक्सासिलिनचा 90 टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यामुळे या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रुग्णाला चालू असलेली बाकीची प्रतिजैविकंही लिहा. थाळीत वाढवलेले जिवाणू किती मरतात यावरून औषध मोजण्याच्या पद्धतीत जिवाणू मरतात ते कोणत्या औषधाने, हे थाळी सांगत नाही.

ऊतींच्या बाबतीत अवयव, वजन आणि चिकटलेलं रक्त टिपलं होतं का, याची नोंद हवी. हे औषध बहुतांशी पेशींबाहेरच्या द्रवात असतं. तुकडा वाटून बारीक केला की पेशींच्या आतलं पाणीही त्यात मिसळतं आणि आकडा पातळ होतो. अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवा. खाद्य प्राण्यांच्या मांसातले अंश तपासायचे असतील तर प्राण्याची जात आणि शेवटच्या इंजेक्शनची तारीख द्या. बेंझिलपेनिसिलिनसाठी (म्हणजे मूळ पेनिसिलिन जी) कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा स्नायू, यकृत आणि मूत्रपिंडात किलोमागे 50 मायक्रोग्रॅम, दुधात लिटरमागे 4 आहे.

औषधासोबत बॅच क्रमांक, उत्पादन व मुदतीच्या तारखा, न उघडलेलं मूळ वेष्टन आणि कोणत्या औषधकोशाप्रमाणे (औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) तपासायचं हे द्या. 'दहा लाखांचं इंजेक्शन' असं नुसतं लिहू नका, एकक लिहा. 1 आंतरराष्ट्रीय एकक म्हणजे 0.6 मायक्रोग्रॅम सोडियम बेंझिलपेनिसिलिन, म्हणजे ते इंजेक्शन 600 मिलिग्रॅमचं.

प्लाझ्मा आणि ऊती उणे 70 अंशांखाली गोठवून, भरपूर ड्राय आइसमध्ये पाठवा. साध्या फ्रीझरचे उणे 20 या औषधांना फार दिवस पुरत नाहीत. उभ्या ठेवून गोठवलेल्या नळीतला बर्फ तिरका दिसला, की वाटेत तो वितळून पुन्हा गोठला हे आम्ही ओळखतो आणि नमुना नाकारतो. लेबलावर साधं बॉलपेन नको, दंव पुसताना नावही पुसलं जातं. नमुन्याचा अर्धा भाग तुमच्याकडे गोठवलेला ठेवा. फेरतपासणीचा अर्ज आला की आम्ही तोच मागतो.